एकोणचाळिसावी गाठ

काशानमध्ये, तूबाबाईंच्या कारखान्यात
मी नकाशा वाचते.
विणणाऱ्या पोरी कागदाकडे बघत नाहीत,
त्यांना फक्त माझा आवाज:
दोन डाळिंबी, एक निळी, पुन्हा डाळिंबी,
उंटाच्या रंगाच्या तीन…
त्या हेल काढून म्हणतात, "झालं."
मग गाठ, मग सुरी, मग कंगव्याचा ठोका.
एकवीस वर्षं.
घशाची आता चाळण झालीय.

म्हणून डॉक्टर फरनूश
औषधाच्या पाकिटामागे पेनानं रेघ ओढून
सांगू लागल्या, की पेशीच्या आत
हजारो माग सतत चालू असतात,
तेव्हा मी म्हटलं, थांबा, हे मला येतं.
त्या हसल्या. पण थांबल्या.

मूळ नकाशा कपाटात, कुलपात.
मागावर जाते ती नक्कल.
ती मळते, फाटते, एक दिवस चुलीत जाते.
"नेमकं तसंच," डॉक्टर म्हणाल्या.
तीन अक्षरांचा एक पुकारा,
एका पुकाऱ्याला एक गुंडी.
आणि गुंड्या आणून देणारी पोरं?
"आहेत की. जो ज्या पुकाऱ्याला ओळखतो
तो त्याचाच रंग घेऊन येतो."
रंग किती?
"वीस."
वीस! आमच्याकडे कोपऱ्यातल्या एका फुलाला अकरा लागतात.
विसांत केस, नखं, डोळ्यातलं भिंग?
"रक्तसुद्धा."

आणि वाचतं कोण?
"कोणी नाही. कागद सरकत जातो,
माग स्वतःच चाचपून वाचतो."
हे मात्र मला आवडलं नाही.
इतका मोठा कारखाना, आणि आवाज नाही.

पलीकडच्या खोलीत महलका पडून होती.
अकरा वर्षांची.
खिळ्यावर कुणाचं तरी रक्त टांगलेलं,
दर तीन आठवड्यांनी एक अनोळखी माणूस
थेंबाथेंबानं तिच्या घरी येतो.
"तिच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत
एकशे सेहेचाळीस गाठी हव्यात.
एकोणचाळिसाव्या जागी एकच अक्षर बदललंय,
आणि तिथला पुकारा झालाय: पुरे."

पुरे म्हटलं की पोरी धागा कापतात.
विचारत नाहीत.
विचारायचं नाही, हे मीच शिकवलंय त्यांना.

अडतीस गाठींचा गालिचा कुणाच्या पायाखाली घालायचा?
"बहुतेकदा पेशी ती नक्कलच फाडून टाकते."
डॉक्टर हे हळू म्हणाल्या,
जणू पेशीला लाज वाटत असावी.

एस्फंदियार दाराशी, टोपीची कड मुडपत.
त्याच्याकडे एक नीट नकाशा, एक चुकलेला.
माझ्याकडेही एक नीट, एक चुकलेला.
आम्ही दोघं आयुष्यभर नीट नकाशावर चाललो,
चुकलेल्याची घडीसुद्धा उलगडली नाही कधी.
तिला द्यायची वेळ आली तेव्हा
दोघांनीही नेमका तोच दिला.
अंधारात दिला. बघून कोण देतं?

एकदा, दुष्काळी हिवाळ्यात, मला ठसका लागला.
सनोबरला त्यात "पुरे" ऐकू आलं
आणि किनारीतली एक वेल फुलाआधीच संपली.
गालिचा तरीही विकला गेला, थोडा स्वस्त.
कुठल्यातरी घरात लोक त्यावर बसून टरबूज खात असतील,
कुणालाच कळलं नसेल.

रात्री महलकाच्या पोटात बारीक सुई.
परक्या रक्तानं मागे ठेवलेलं लोखंड
पंप सकाळपर्यंत उपसत राहतो.
"आई, एकोणचाळिसावा रंग कोणता होता?"
डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, ग्लुटामिन,
पण ते माझ्या जिभेवर बसेना.
डाळिंबाच्या सालीचा पिवळा, मी म्हटलं.
"खोटं."
मग बराच वेळ नुसती घरघर.
मग: "पण चांगलाय."

सकाळी मागावर अडतीस झाल्या
आणि माझा आवाज तिथंच राहिला.
ओळीतल्या सगळ्या पोरींच्या सुऱ्या वर.
कापलं कुणीच नाही.
सनोबरनं, मान न वळवता, विचारलं:
"पुढे?"
पिवळी, मी म्हटलं. एक.
"झालं."